इंडोनेशियात एक वर्ष राहून तिथली भाषा शिकायची आहे: शिष्यवृत्ती, शहर आणि आधीची तयारी

सह्याद्री_वारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे आग्नेय आशियाच्या इतिहासात एम.ए. करायचं पक्कं आहे, म्हणून मधलं एक वर्ष इंडोनेशियात राहून इंडोनेशियन भाषा नीट शिकायची आहे. नुसतं बाजारात बोलण्यापुरती नको, वर्षाच्या शेवटी तिथलं वर्तमानपत्र आणि सोपे शोधनिबंध वाचता यायला हवेत.

दारमासिस्वा शिष्यवृत्तीबद्दल वाचलं. ती मिळाली तर त्या वर्षाचे क्रेडिट इथल्या विद्यापीठात धरले जातात का? जोगजाकार्ता, मालांग आणि देपोक यांपैकी शहर कोणतं निवडावं? आणि सगळे म्हणतात, "ती जगातली सोपी भाषा आहे, काळ नाही, लिंग नाही, सहा महिन्यांत येते." हे खरं आहे का? निघण्याआधी हातात पाचेक महिने आहेत, ते कशावर घालवू?

बंदरवाट

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण उशीर तिथेच होतो.

दारमासिस्वा ही इंडोनेशिया सरकारची शिष्यवृत्ती १९७४ पासून सुरू आहे. तिच्यात भाषा, संगीत, नृत्य, हस्तकला वगैरे शिकता येतं, पण पदवी मिळत नाही. शेवटी हातात प्रमाणपत्र येतं. त्यामुळे क्रेडिट आपोआप धरले जातील असं समजू नका. बी.ए. संपवून, एम.ए.ला प्रवेश घेण्याआधीचं वर्ष वापरणं सगळ्यात सुटसुटीत. शिक्षण चालू असताना जायचं असेल तर विभागाकडून लेखी परवानगी आधी घ्या. शिष्यवृत्तीत शिकवणीची फी आणि दरमहा भत्ता येतो, विमानाचं तिकीट साधारणपणे आपल्याच खिशातून. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, शिक्षण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची सूचनापुस्तिकाच प्रमाण माना.

दुसरा रस्ता आहे केएनबी, म्हणजे विकसनशील देशांसाठीची शिष्यवृत्ती. ती मुख्यतः पदव्युत्तर पदवीसाठी असते आणि विषय सुरू होण्याआधी इंडोनेशियन भाषेचा तयारीवर्ग तिच्यातच धरलेला असतो. एम.ए. तिथेच करायची तयारी असेल तर हिचा विचार जरूर करा.

तिसरा रस्ता म्हणजे स्वतःच्या पैशाने विद्यापीठाच्या 'बिपा' वर्गाला बसणं. बिपा म्हणजे परभाषकांसाठीची इंडोनेशियन. शासनाच्या मानकात तिच्या १ ते ७ अशा पातळ्या आहेत. प्रवेश घेताना विचारा की त्यांची 'मध्यम' पातळी बिपाच्या कितव्या पातळीशी जुळते. प्रत्येक संस्था आपली नावं लावते आणि मग एका ठिकाणचा 'मध्यम' दुसऱ्या ठिकाणी पहिल्या वर्गात बसवला जातो.

व्हिसा. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदा ३० दिवस वाढतो आणि तो शिक्षणासाठी चालत नाही. विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ तुमचं हमीदार होतं. आधी ते अभ्यास परवाना काढतं, मग व्हिसा, तिथे गेल्यावर मर्यादित वास्तव्य परवाना. बोलताना सगळे त्याला 'कितास' म्हणतात. पासपोर्टची मुदत वर्षभराच्या मुक्कामासाठी साधारण १८ महिने मागतात. ती आजच बघा. परवान्याची मुदत ओलांडली तर दंड दिवसाला १० लाख रुपिया आहे, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर. गुणपत्रिका आणि पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात मानला जाणारा शिक्का) लागलं तर आधी राज्याकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम आहे. इंडोनेशिया २०२२ पासून अपोस्टिल मानतो, तरी विद्यापीठाला नेमकं काय हवंय ते ईमेलवर लिहून घ्या. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे, मुलाखत किंवा चौकशीसाठी दिल्लीला जायची गरज बहुतेक पडत नाही.

मूळशब्द

"सोपी भाषा" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानेच मुलांचं वर्ष वाया जातं. पहिले तीन महिने भाषा भराभर येते. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, लिंग नाही, लिपी रोमन. रिक्षा, जेवण, भाडं सगळं जमतं. मग माणूस तिथेच थांबतो, कारण बोलण्यात उपसर्ग-प्रत्यय गाळले तरी समोरच्याला कळतं. वर्तमानपत्र उघडलं की प्रत्येक ओळीत तेच गाळलेले प्रत्यय भरलेले असतात. तुम्हाला वाचायचं आहे ना, मग पहिल्या महिन्यापासून प्रत्ययांवरच तुटून पडा.

एकच मूळ शब्द घ्या, 'आजार' (आपलं दुखणं नव्हे, उच्चार आ-जार). त्यातून बलाजार म्हणजे शिकणे, मङाजार म्हणजे शिकवणे, पलाजार म्हणजे विद्यार्थी, पङाजार म्हणजे शिक्षक, पलाजारान म्हणजे धडा, आजारान म्हणजे शिकवण, मम्पलाजारि म्हणजे एखादा विषय अभ्यासणे. शब्द वहीत लिहिताना असं कुटुंबच्या कुटुंब एका पानावर लिहा. सुटा शब्द पाठ करणं व्यर्थ आहे.

आता सगळ्यात जास्त भेटणारा, क्रियापदाला लागणारा 'म-' हा उपसर्ग. तो मूळ शब्दाला लागताना आतला अनुनासिक बदलतो. बहुतेक परदेशी विद्यार्थी याचा तक्ता घोकतात. मराठी माणसाला घोकायची गरज नाही, हा आपला परसवर्णच आहे. अंबा, अंत, अंक या तीन शब्दांत अनुस्वाराचा उच्चार जसा पुढच्या अक्षराच्या वर्गाप्रमाणे म्, न्, ङ् होतो, तसंच इथे. 'बाचा' (वाचणे) चं मम्बाचा, 'दङार' (ऐकणे) चं मन्दङार. फक्त एक जास्तीचा नियम: मूळ शब्द क, त, स किंवा प ने सुरू होत असेल तर ते अक्षर गळतं आणि अनुनासिकच उरतो. तुलिस (लिहिणे) चं मनुलिस, किरिम (पाठवणे) चं मङिरिम, पाकाय (वापरणे) चं ममाकाय. स ला मात्र न्य लागतो: सापु (झाडू) चं मन्यापु. च गळत नाही: चारि (शोधणे) चं मन्चारि. एकाच स्वराचा शब्द असेल तर मध्ये एक तोकडा अ येतो: चात (रंग) चं मङचात.

हे का महत्त्वाचं? कारण छापील शब्दकोश मूळ शब्दाप्रमाणे लावलेला असतो. मनुलिस म मध्ये सापडणार नाही, त मध्ये जावं लागेल. आणि गळलेलं अक्षर कोणतं ते कधी कधी संदर्भावरूनच कळतं. 'मङुकुर' हा शब्द उकुर पासून आला तर मोजणे, कुकुर पासून आला तर नारळ खवणे. केबीबीआय हा प्रमाण कोश ऑनलाइन फुकट आहे, सहावी आवृत्ती २०२३ ची. तिसऱ्या महिन्यानंतर इंग्रजी अर्थ देणारं ॲप बाजूला ठेवून त्यातच शोधायची सवय लावा.

शेवटी लागणारे -कान आणि -इ हे खरे छळणारे. ममिन्जाम म्हणजे उसनं घेणे, ममिन्जामकान म्हणजे उसनं देणे. मन्येवा म्हणजे भाड्याने घेणे, मन्येवाकान म्हणजे भाड्याने देणे. खोल्यांच्या पाट्यांवर 'दिसेवाकान' दिसेल, ते 'भाड्याने देणे आहे'. -इ लागला की कर्म बदलतं: मनानाम मध्ये भात लावतात, मनानामि मध्ये शेत लावतात (भाताने). शिकताना नियम कमी आणि वाक्यांच्या जोड्या जास्त लिहा, कारण अपवाद भरपूर आहेत.

कर्मणी रचना सोडू नका. बोलण्यातही ती सतत येते. 'बुकु इतु सुदाह साया बाचा' याचा क्रम बघा: पुस्तक ते, झालंय, मी, वाच. आपण "ते पुस्तक मी वाचलंय" म्हणतो तसंच कर्म पुढे. पण साया आणि बाचा यांच्या मध्ये काहीही घालायचं नाही. 'बुकु इतु साया सुदाह बाचा' असं लिहिलं की शिक्षक लाल रेघ मारतात.

दोन_बेटं_पलीकडे

मूळशब्द यांनी व्याकरणाचं छान लिहिलंय. मराठीचा आणखी दोन ठिकाणी थेट फायदा आहे, तोही सांगते. 'कामि' आणि 'किता' दोन्हींचं इंग्रजी एकच, पण आपल्याकडे आम्ही आणि आपण आहेच. ऐकणारा धरून असेल तर किता, वगळून असेल तर कामि. आणि 'तिदाक' म्हणजे नाही, 'बुकान' म्हणजे नव्हे. तो जात नाही: तिदाक. तो शिक्षक नव्हे: बुकान. याशिवाय 'बलुम' म्हणजे अजून नाही. "जेवलात का?", "लग्न झालं का?" याला तिदाक म्हटलं तर आता कधीच होणार नाही असं ऐकू येतं, बलुम म्हणा.

आता शहर. जोगजाकार्ता विद्यार्थ्यांचं गाव, स्वस्त, गाजाह मादा विद्यापीठाचे परभाषकांचे वर्ग तिथे बुलाकसुमुरला आहेत, शिवाय सानाता दार्मा आणि खासगी भाषासंस्थाही आहेत. शिकवण्याचा अनुभव मोठा. अडचण एवढीच की रस्त्यावर, कॅन्टीनमध्ये, मित्रांच्या घोळक्यात जावानीज चालते. तुमच्याशी इंडोनेशियन बोलतील, पण आपसात लगेच जावानीजवर जातील आणि ऐकण्याचा सराव तुटेल. मालांगलाही तेच, वर तिथली शब्द उलटे करून बोलायची गंमत (मालांगचं 'ङालाम' करतात). हवा मात्र थंड आणि नगेरी मालांग विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी शिकवायची चांगली सवय.

देपोक म्हणजे इंडोनेशिया विद्यापीठ. लोकल गाडीचं स्टेशनच आवारात आहे, जाकार्तातली राष्ट्रीय ग्रंथालयं आणि अभिलेखागार हाताशी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे मोलाचं. खर्च जास्त. आणि कानावर पडते ती जाकार्ताची बोली: तिदाक च्या जागी ङ्गाक, साया च्या जागी गुए, सुदाह चं उदाह, -कान च्या जागी -इन. ती समजली पाहिजे, पण वर्गातल्या निबंधात शिरली की गुण जातात.

माझं मत: पहिला सहामाही जोगजा, दुसरा देपोक जमत असेल तर उत्तम. शिष्यवृत्तीत एकच ठिकाण मिळतं, तेव्हा वाचन हे ध्येय असेल तर जोगजा घ्या आणि खोली अशा ठिकाणी घ्या जिथे सुमात्रा, कालिमान्तान, पूर्वेकडची बेटं इथली मुलं राहतात. त्यांतल्या बहुतेकांना जावानीज येत नाही, त्यामुळे घरात सगळे इंडोनेशियनच बोलतात. हा एक उपाय वर्गाइतकंच काम करतो.

सह्याद्री_वारा

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. आम्ही-आपणचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन गोष्टी विचारते. एक, संस्कृत शब्द इतके आहेत तर अर्थ अंदाजाने लावता येतो का? दोन, मी शाकाहारी आहे, आणि फोन, खोली यांचं काय?

मूळशब्द

शब्द ओळखायला मदत होते, अर्थाला नाही. पुस्ताका, नामा, बूमि, मानुसिया, कारना (कारण), पर्तामा (प्रथम) हे सरळ. पण ही यादी वहीच्या पहिल्या पानावर ठेवा: बिचारा हा 'विचार', अर्थ बोलणे. चिंता म्हणजे प्रेम. सङसारा हा 'संसार', अर्थ हालअपेष्टा. कपाला हे 'कपाल', अर्थ आख्खं डोकं, आणि खातेप्रमुखसुद्धा. काता ही 'कथा', अर्थ शब्द. गोष्टीला चरिता म्हणतात. सास्त्रा म्हणजे साहित्य. बियाया हा 'व्यय', अर्थ खर्च किंवा शुल्क, फीच्या पावतीवर हाच शब्द असतो. हार्गा म्हणजे किंमत (महार्घ मधला अर्घ). उसाहा हा 'उत्साह', अर्थ प्रयत्न किंवा धंदा. आचारा म्हणजे कार्यक्रम. दोसा म्हणजे पाप. इस्त्री म्हणजे बायको, कपड्यांच्या इस्त्रीला डच मूळाचा सत्रिका शब्द आहे. विद्यार्थी महासिस्वा, आणि पुस्ताका ला आगेमागे प्रत्यय लावून पर्पुस्ताकाआन म्हणजे ग्रंथालय. पदवीदानाला विसुदा म्हणतात, ते 'विशुद्ध'.

गोव्याकडची कोकणी कानावर असेल तर पोर्तुगीज शब्दही लगेच पकडता येतात: इगर्ज (चर्च) ला गरेजा, जनेल (खिडकी) ला जन्देला, फेस्त (सण) ला पेस्ता, अननसाला नानास.

उच्चारात एक जागा सांभाळा. रोमन लिपीतलं 'ई' अक्षर दोन आवाजांसाठी वापरतात, एक 'ए' आणि एक आपल्यासारखा तोकडा 'अ', आणि छापताना फरक दाखवत नाहीत. तरास म्हणजे लाकडाचा गाभा, तेरास म्हणजे व्हरांडा, लिहायला दोन्ही सारखे. नवा शब्द लिहिताना वर देवनागरीत उच्चार लिहून ठेवा, आपल्या लिपीत तो चोख बसतो. च आणि ज नेहमी 'चंद्र', 'जीवन' मधले, 'चमचा'तले नव्हेत.

मीठ_आणि_नारळ

जेवणाचं. 'तान्पा दागिङ' (मांसाशिवाय) एवढं म्हटलं तर ताटात कोंबडी किंवा मासा येतो, कारण दागिङ म्हटलं की लोकांच्या मनात मुख्यतः गाय-म्हशीचं मांस येतं. पूर्ण वाक्य पाठ करा: "साया तिदाक माकान दागिङ, आयाम, इकान, उदाङ, दान तरासि." शेवटचा शब्द महत्त्वाचा. तरासि म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, आपल्या सुकटीच्या जवळचा वास. तो मिरचीच्या चटणीत वाटलेला असतो, भाज्यांच्या आमटीत असतो, गादो-गादोच्या शेंगदाणा रस्सातही असू शकतो. दिसत नाही. म्हणून "सांबालन्या पाकाय तरासि?" असं वेगळं विचारा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), ताहु (टोफू) आणि पालेभाज्या सगळीकडे आणि स्वस्त, उपाशी राहायची वेळ येत नाही. अंडंही चालत नसेल तर 'तलुर' यादीत जोडा, तळलेल्या भातावर ते न विचारता येतं.

फोन. भारतातून नेलेल्या फोनमध्ये तिथलं सिम ९० दिवसांपेक्षा जास्त चालवायचं असेल तर आयएमईआयची (फोनच्या ओळख क्रमांकाची) नोंदणी लागते. विमानतळावरून बाहेर पडण्याआधीच कस्टमच्या काउंटरवर करा. ५०० डॉलरपर्यंतच्या फोनला तिथे कर लागत नाही, बाहेर पडलात की ही सवलत जाते. न केल्यास तीन महिन्यांनी फोन वायफायपुरता उरतो.

खोलीला 'कोस' म्हणतात. पुत्रि म्हणजे मुलींचं, पुत्रा मुलांचं, चाम्पुर मिश्र. इथून आगाऊ पैसे पाठवून ठरवू नका. पहिला आठवडा गेस्टहाऊसला राहून पायी फिरून बघा. चार गोष्टी विचारा: वीज भाड्यात आहे की टोकनवर (आगाऊ पैसे भरून), रात्री फाटक किती वाजता बंद होतं, पाणी दिवसभर असतं का, आणि परदेशी भाडेकरूची नोंद मालक करून देतो का. शेवटच्याला टाळाटाळ झाली तर ती खोली नको, पुढे परवान्याच्या कामात अडतं.

हिशेबात 'जुता' म्हणजे १० लाख, 'रिबु' म्हणजे हजार. एका रुपयाला ढोबळमानाने १८०-१९० रुपिया. दुकानदार नुसतं "लिमा बलास" म्हणाला तर ते पंधरा हजार.

आणि वेळ! 'जाम सतङाह दलापान' म्हणजे शब्दशः अर्धा आठ. तो साडेआठ नव्हे, साडेसात. डचांकडून आलेली पद्धत आहे. नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास यातच बुडतो.

बंदरवाट

पाच महिन्यांच्या तयारीचं राहिलं होतं. शासनाच्या भाषासंस्थेची 'साहाबातकु इंडोनेशिया' ही पाठ्यमाला मोफत आहे, पहिले दोन भाग करून जा. रोज ४० मिनिटं पुरे, पण त्यात १५ मिनिटं मोठ्याने वाचन. शेवटच्या दोन महिन्यांत रोज एक बातमी, फक्त पहिले दोन परिच्छेद, प्रत्येक क्रियापदाचा मूळ शब्द पेन्सिलने वेगळा काढायचा.

तुम्ही इतिहासाच्या, म्हणून आणखी एक. १९७२ च्या लेखनसुधारणेआधीचे कागद वाचायचे झाले तर अक्षरं वेगळी दिसतील. आजचा च तेव्हा 'टी-जे' असा, ज 'डी-जे' असा आणि य नुसत्या 'जे' ने लिहीत. १९४७ च्या आधीचा उ 'ओ-ई' असा. तासाभरात सवय होते. अभिलेखागारात प्रत्यक्ष संशोधन करायचं असेल तर मात्र भाषेच्या विद्यार्थी व्हिसावर ते करू नका, त्याला ब्रिन या शासकीय संस्थेची वेगळी परवानगी लागते.

वर्षाच्या शेवटी यूकेबीआय, म्हणजे इंडोनेशियन भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा द्या. ऐकणे, भाषानियम, वाचन, लेखन, बोलणे असे पाच विभाग. ४८२ ते ५७७ गुण म्हणजे 'माद्या' (मध्यम) पातळी, ५७८ पासून तिच्या वरची 'उङ्गुल'. एका वर्षात माद्या गाठलं तर वर्तमानपत्र वाचता येतं. पुढच्या अर्जांत संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा या गुणांना वजन आहे.

सह्याद्री_वारा

शेवटचं एकच. तिथे प्राध्यापकांशी बोलताना 'तुम्ही' साठी काय वापरायचं? कामु की आन्दा?

दोन_बेटं_पलीकडे

दोन्ही नाही. कामु म्हणजे अरे-तुरे, आणि आन्दा जाहिरातीतला, फॉर्मवरचा शब्द आहे, समोरच्या वडीलधाऱ्याला तो कोरडा वाटतो. सरांना 'पाक', मॅडमना 'बु', आणि वाक्यात 'तुम्ही' च्या जागीही तेच: "बु सुदाह माकान?" म्हणजे मॅडम, जेवलात? दुकानातल्या ताईला 'म्बाक', दादाला 'मास', हे जावातलं.

बरंचसं काम व्हॉट्सॲपवर चालतं आणि तिथे नुसता प्रश्न टाकला तर उत्तर येत नाही. क्रम ठरलेला आहे: अभिवादन, त्रास दिल्याची माफी, नाव आणि वर्ग, मग प्रश्न, मग आभार. असं (रोमन लिपीत टाइप करा):

"स्लामात पागि, बु. मोहोन माआफ मङ्गाङ्गु वाक्तुन्या. साया (नाव), महासिस्वा बिपा कलास (वर्ग). इजिन बर्तान्या, तुगास मनुलिस दिकुम्पुलकान हारि इनि आताउ बेसोक? तरिमा कासिह, बु."

अर्थ: सुप्रभात मॅडम, वेळ घेतल्याबद्दल माफी असावी, मी अमुक, बिपाच्या अमुक वर्गातली. विचारू का, लेखनाचा गृहपाठ आज द्यायचा की उद्या? आभारी आहे. सकाळी ११ पर्यंत पागि, मग दुपारी ३ पर्यंत सियाङ, मग सोरे, अंधार पडल्यावर मालाम. 'दिकुम्पुलकान' मध्ये मूळशब्द यांच्या 'दिसेवाकान' सारखेच पुढे दि- आणि शेवटी -कान आहेत, मूळ कुम्पुल, म्हणजे गोळा होणे. तिथूनच सुरुवात करा.